आक्काच्या दुधाला फेस येत नाही

वडगाव, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थरूप सौ. जयाआक्कास,

धाकट्या आदर्शचा वाकून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग. तुमच्या आशीर्वादाने मी आणि रचना इकडे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? दाजींची कंबर काय म्हणते? आणि चांदीची तब्येत? (म्हशीची चौकशी शेवटी केली म्हणून रागावू नकोस. पत्रात आधी माणसांची चौकशी करायची रीत आहे. मनात तिचा नंबर पहिला आहे, आणि तो का, ते पुढे येईलच.)

फोन असताना आदर्श पत्र कशाला लिहितो, असं दाजी विचारतील. त्यांना सांग, की गेले एकवीस दिवस तू माझा फोन घेत नाहीस. दाजी घेतात, 'ती गोठ्यात हाय' म्हणतात आणि ठेवून देतात. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यात कुणी नसतं, आक्का. म्हैससुद्धा नसते, तिला चरायला सोडतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझी पोरं ते चौकात उभी राहून वाचून दाखवतील. म्हणून हे पत्र भरमूच्या हाती देतोय. रोज तुझं दूध घेऊन बेळगुंदीहून येतो, तर जाताना एखादं पत्र न्यायला त्याला जड होणार नाही.

मला हा कॉफीचा नाद कसा लागला, ते तुला नीट कुणी सांगितलेलं नाही. रचनाने सांगितलं असेल, पण ती फिर्यादी पक्षाची. पॉलिटेक्निकने मला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला बेंगळूरला पाठवलं होतं, तिथं मी एस्प्रेसो प्यायलो. कुंकवाच्या करंड्याएवढा कप आणि त्यात जेमतेम दोन घोट. पहिला घोट काढ्यासारखा लागला, दुसरा बरा लागला आणि तिसरा नव्हताच, म्हणून आणखी एक कप मागवला. इथंच घात झाला. आपण कर्नाटकात राहतो खरे, पण आपल्या घरात चहाशिवाय दुसऱ्या कशाला थारा नाही. मी परत आलो तो डोक्यात मशीन घेऊनच. महिन्याभरात खरंखुरं मशीनही आलं. ओट्यावर मिक्सर होता तिथं ते बसलं आणि मिक्सर पलंगाखाली गेला. (चटणी वाटायची असली की रचना वाकून तो बाहेर ओढते आणि ओढताना जे बोलते, ते वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

ह्या छंदाला शिस्त लागते. बिया दळायच्या, अठरा ग्रॅम पूड तोलून घ्यायची (सोनाराकडं असतो तसला काटा आणलाय), दांडीच्या गाळणीत भरायची, वरून बट्ट्याने दाबायची, आणि मग अठ्ठावीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी उतरली पाहिजे. लवकर उतरली तर आंबट, उशिरा उतरली तर कडू. सुरुवातीला रचना घड्याळ घेऊन शेजारी उभी राहायची, आता राहत नाही. दळायच्या यंत्राचा आवाज ऐकून शेजारच्या मालुबाई चौकशीला आल्या. त्यांचा जन्म हातमागावर साड्या विणण्यात गेला, त्यामुळं त्यांना वाटलं, आम्ही गुपचूप पॉवरलूम बसवलं. आणि दुधाचं शास्त्र तर त्याहून वेगळं. मशीनच्या अंगाला एक नळी असते, तिच्यातून वाफ सुटते. ती नळी दुधाच्या भांड्यात अशी धरायची, की दूध गरगर फिरलं पाहिजे आणि त्याला मऊ, चकचकीत फेस आला पाहिजे. तो कॉफीवर ओतला की बदामाचं चित्र उमटतं. म्हणजे व्हिडिओत उमटतं. माझं वांगं उमटायचं.

आता त्या रविवाराविषयी. त्यात चूक दोघांची होती, हे आधी मान्य करून टाकू. तू दुधाचा कॅन घेऊन आलीस, चपला काढल्यास आणि नेहमीसारखी थेट शेगडीकडे निघालीस. मी तुला अडवून खुर्चीवर बसवलं. इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही. मग मी तुझंच दूध घेऊन वाफ सोडली, आणि फेस काही धरेना. सायीच्या गुठळ्या वर तरंगायला लागल्या, मोठे बुडबुडे आले आणि विरून गेले. तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, 'आण हिकडं, शेगडीवर उकळून घिऊ', आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आक्का, फेसाला पाकिटातलं दूधच बरं. तुझ्या दुधात त्यो गुण न्हाय.' आता हे वाक्य शास्त्रीय होतं. ते स्निग्धांशाविषयी होतं, तुझ्याविषयी नव्हतं. (स्निग्धांश म्हणजे काय ते दाजींना विचारू नकोस, डेअरीवाल्यांशी त्यांचं त्यावरून आधीच भांडण आहे.) तू कप खाली ठेवलास, पदर खोचलास, कॅन उचललास आणि शेजारी जाऊन सगळं दूध मालुबाईंच्या पातेल्यात ओतून टाकलंस. त्या दिवसापासून भरमूची मोटारसायकल आमच्या दारावरून हॉर्न न वाजवता जाते आणि मालुबाईंच्या दारात थांबते. त्यांचं घर दोन माणसांचं, दूध रोजचं दोन लिटर. पहिल्या आठवड्यात त्यांनी दही लावलं, दुसऱ्यात तूप कढवलं, तिसऱ्यात मांजर पाळलं.

आमचं मात्र काही अडलेलं नाही, हे मुद्दाम कळवतो. पाकिटातलं दूध आणतो, फेस झकास येतो, माझं वांगं आता जवळजवळ बदाम दिसायला लागलंय. चहा पांचट होतो, दह्याला पाणी सुटतं, अशी रचनाची तक्रार असते. मी तसं म्हणत नाही.

तर आज सकाळी भरमूची गाडी आमच्या दारात थांबली. (मी योगायोगाने फाटकातच उभा होतो.) त्याने एक स्टीलची बरणी माझ्या हातात दिली, 'आक्कानं दिलंय' एवढं बोलला आणि निघून गेला. मी झाकण उघडून पाहिलं, दूध. म्हटलं, जिंकलो! आक्काचा राग उतरला. खोटं कशाला बोलू, मला असंही वाटलं, की चूक तिला कळली. आणि नेमके आज आमच्या पॉलिटेक्निकचे रविराज साहेब माझी कॉफी चाखायला येणार होते. तेव्हा ठरवलं, की आज आक्काच्याच दुधाला फेस आणून दाखवायचा आणि त्याचा फोटो तुला पाठवायचा. रचनाने बरणीत डोकावून विचारलंसुद्धा, 'जरा दाट न्हाय वाटत?' मी तिला स्निग्धांशावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. ती निपाणीच्या बाजारपेठेत वाढलेली, तिला दुधातलं काय कळणार, असं मला वाटलं. मी गोठ्यात वाढलो, मला ओळखता आलं नाही, हे आता कुणाला सांगू?

साहेब आले, बसले. मी कॉफी उतरवली, अगदी अठ्ठावीस सेकंदांत. मग भांड्यात दूध घेतलं आणि वाफ सोडली. आधी छान सूं सूं आवाज येत होता, मग तो घोगरा झाला, मग बंद पडला. भांडं हलवून बघतो तर दूध हलेना. सबंध भांडं घट्ट बसलेलं! मी घाबरून वाफ बंद केली. ही नळी बंद करताना थोडं दूध आत ओढून घेते, तसं तिने ते घेतलं, आणि तेही आत जाऊन बसलं. मी पुन्हा वाफ सोडली. मशीन थरथरलं, फट्कन आवाज झाला आणि लिंबाएवढा पांढरा गोळा उडून साहेबांच्या खिशावर बसला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी तो बोटाने उचलून तोंडात टाकला होता. 'गिण्ण!' ते म्हणाले. खरवसाला त्यांच्या कन्नडमध्ये तसं म्हणतात. मग 'छलो ऐती', म्हणजे झकास आहे, असं म्हणत त्यांनी गूळ आहे का विचारलं. रचनाने गूळ किसून दिला, वेलची दिली. साहेबांनी माझं सबंध भांडं चमच्याने खरवडून खाल्लं. कॉफीला हात लावला नाही.

आवाज ऐकून मालुबाई धावत आल्या. त्यांनी बरणीचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. 'चीक हाय न्हवं ह्यो! भनीनं माहेरला धाडला, आन तू कॉफीत घातलास व्हय रं?'

चांदी गाभण आहे हे मला ठाऊक होतं, पण फोन बंद असल्यावर ती व्यायली हे कोण सांगणार? आणि तिसऱ्या दिवसाचा चीक दिसायला दुधासारखाच असतो, हे माझ्या बाजूनं लिहून ठेव. पण मालुबाई गेल्यावर मी खुर्चीत बसलो आणि मला दाजींच्या घरची रीत आठवली. पहिल्या दिवसाचा चीक रेडकाला आणि देवाला, दुसऱ्या दिवसाचा गल्लीला, तिसऱ्या दिवसाचा सुनेच्या माहेरला. आई-अप्पा गेले तेव्हा मी आठवीत होतो. तू नवी नवरी, आणि मला बरोबर घेऊन सासरी नांदायला आलीस. तिसऱ्या दिवसाचा चीक तू तेव्हा मला चुलीपुढं बसवून खायला घालायचीस आणि सासूला सांगायचीस, 'माझं माहेर हितंच बसलंय.' सासूबाई हसायच्या. मला त्यातलं काही कळायचं नाही, मी आपला खरवस खायचो. एकवीस दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, पण माहेरचा वाटा चुकवला नाहीस. आणि मी त्याला तुझी शरणागती समजलो.

बाकी सर्व ठीक. वाटेल तसं लिहिलं असेल तर लहान समजून पदरात घे.

तुझा,
आदर्श

ता. क. वर 'चूक दोघांची' असं लिहिलंय, ते खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून इथंच लिहितो. चूक माझी होती. माझं लग्न झाल्यापासून तू कितीदा आमच्याकडे आलीस, पण दर वेळी तूच शेगडीपुढं उभी राहून आम्हाला चहा करून पाजलास. हे मशीन ओट्यावर बसलं तेव्हा मला एक गोष्ट फार आवडली होती, की ते आक्काला चालवता येत नाही. आता तिला बसावंच लागेल आणि मी करून दिलेलं प्यावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तुला खुर्चीत बसवलं, आणि तुझ्याच दुधाला नावं ठेवली. ते दूध पिऊनच मी एवढा झालोय.

ता. क. २ एक काम होतं. (रचना म्हणते, हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायचं असतं.) वाफेच्या नळीत खरवस अजून बसलेला आहे. सुई घातली, गरम पाणी सोडलं, फुंकून पाहिलं, निघत नाही. कंपनीचा माणूस हुबळीहून येणार, तो आठ दिवसांनी. म्हशीचं सड बुजलं की तू डॉक्टरांनी दिलेली बारीक नळी घालून ते मोकळं करतेस ना, ती घेऊन येशील का? तू येऊन बसावंस एवढीच माझी इच्छा आहे, पण बसण्याआधी तेवढं केलंस तर बरं. परत नेताना नळी उकळून देईन. कॉफीचा वास चांदीला आवडायचा नाही.

वन्सं, नमस्कार. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलंय, म्हणून खाली दोन ओळी माझ्या. 'काही अडलेलं नाही' आणि 'योगायोगानं' हे दोन्ही खोटं आहे. एकवीस दिवस रोज सकाळी साडेसहाला हे फाटकात जाऊन उभे राहतात, आणि भरमू पुढं गेला की आत येतात. आज बरणी दोन्ही हातांनी धरून आत आले, तेव्हा डोळे भरले होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, कॉफी दळताना पूड उडाली. वन्सं, त्या वेळी करंटच नव्हता.
— रचना