रिकामा खटका

प्रिय ठिपके,

तुझ्या लेकीने परवा फोनवर मला एक प्रश्न घातला, आणि निवृत्त झालेल्या विज्ञानशिक्षकाला कुणी प्रश्न घातला की त्याचं काय होतं, हे तू जाणतेसच. ती म्हणाली, "मामा, आरशात मी बरी दिसते. फोटोत मात्र कुणीतरी दुसरीच उभी असते. आणि मैत्रिणी म्हणतात, अगदी तुझ्यासारखा आलाय गं फोटो! मग यातलं खोटं कोण बोलतंय? आरसा, फोटो की मैत्रिणी?" मी म्हटलं, "तिघंही खरं बोलतात, तुला सवय मात्र एकाचीच आहे." आणि पुढे पाऊण तास समजावत बसलो. शेवटी ती म्हणाली, "मामा, कळलं, पण कान गरम झाला हो."

तिला जे सांगितलं ते तुलाही थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोणत्याही चेहऱ्याचे दोन अर्धे तंतोतंत सारखे नसतात. तिचा भांग डावीकडे आहे आणि हसताना ओठाचा उजवा कोपरा आधी उचलला जातो. हे तिने तुझ्याकडूनच उचललं आहे. आरशासमोर उभी राहिली की तिचा डावा गाल आरशातही तिच्या डाव्याच हाताला दिसतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला तोच गाल त्याच्या उजव्या हाताला दिसतो, आणि फोटो हा त्या समोरच्या माणसाच्या बाजूने काढलेला असतो. म्हणजे रोज सकाळी ती स्वतःचा जो चेहरा पाहते, तो जगात दुसऱ्या कुणीच पाहिलेला नसतो. मी तिला असं ठासून सांगितलं खरं, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे चुकलं. याला एक अपवाद आहे. या पत्राबरोबर जे खोकं तुझ्याकडे आलं आहे, त्यात तो अपवाद आहे. पत्र वाचून होईपर्यंत ते उघडू नकोस, एवढं ऐक.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. माझे जुने कॅमेरे आता अकरा झाले आहेत आणि त्यांनी पुस्तकांचे दोन कप्पे बळकावले आहेत. तुझी वहिनी म्हणते, "या घरात माणसांपेक्षा डोळे जास्त झालेत, मला कपाट पुसतानाही लाज वाटते." तिचं बोलणं खोटं नाही. एकाही कॅमेऱ्यात बॅटरी नाही. सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि दातेरी चाकांचा. बरीच वर्षं वापरात नसले की आतलं तेल घट्ट होतं आणि एका सेकंदासाठी उघडलेलं शटर तीन-तीन सेकंद डोळा मिटतच नाही. मग मी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे घड्याळच की! फक्त वेळ दाखवायचं सोडून वेळ कापतंय." गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून असंच एक शटर खोललं, पेट्रोलने धुतलं आणि जुळवलं. ते बाबांच्या कॅमेऱ्याचं होतं.

तो दोन डोळ्यांचा कॅमेरा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरीही तो कसा चालतो ते पुन्हा सांगतो. एकावर एक दोन भिंगं. खालच्या भिंगामागे शटर आणि त्यामागे फिल्म. फोटो काढतं ते हे. वरच्या भिंगामागे तिरका आरसा, आणि त्यावर माथ्याशी दुधी काच. फोटो काढणाऱ्याला दिसतं ते या काचेवर. म्हणून बाबा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून उभे राहत. तू लहानपणी म्हणायचीस की बाबा गिऱ्हाइकांना नमस्कार करताहेत. दोन्ही भिंगांना मिळून एकच जोड झाकण होतं. ते बिजागरीशी तुटलं आणि वरचा अर्धा हरवला. आईने नवं आणायला सांगितलं तर बाबा म्हणाले, "हेच बरं झालं. आता रिकामा खटका देता येईल."

रिकामा खटका ही आपल्या स्टुडिओची खासियत. माणूस त्या गोल फिरत्या स्टुलावर बसला की त्याचा खांब होतो, श्वास कोंडतो, डोळे वटारले जातात. बाबा खालच्या भिंगावरचं अर्धं झाकण तसंच ठेवून खटका दाबत. खट्ट असा आवाज होई, गिऱ्हाईक सुटकेचा निःश्वास टाकी, खांदे खाली येत, चेहरा त्याचा स्वतःचा होई. तेवढ्यात आपल्या दोघांपैकी जो जवळ असेल त्याने हलकेच झाकण काढायचं आणि बाबांनी दुसरा, खरा खटका दाबायचा. गिऱ्हाइकाला वाटे, दोन फोटो काढले. "चांगला येईल तो घेऊ," बाबा गंभीरपणे सांगत, आणि तू टेबलाखाली तोंड लपवून हसायचीस. मग छापलेल्या फोटोवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरत बसायचीस, नऊ वर्षांची असल्यापासून. त्यावरूनच तुझं नाव ठिपकी पडलं. त्या कामात तुझा हात बाबांहून हलका होता आणि ते चारचौघांत तसं बोलूनही दाखवत. या हातचलाखीला एकच नियम होता, तुला आठवतो ना? घरच्या माणसाला रिकामा खटका द्यायचा नाही.

आता तुझ्या निघण्याच्या दिवसाकडे येतो. एकतीस वर्षं आपण दोघं त्याला वळसा घालून चालत आलो आहोत. नकाशे काढण्याच्या कचेरीत तुला नोकरी मिळाली होती, आठशे मैलांवर. बाबांनी आठवडाभर अबोला धरला होता. "स्टुडिओ कुणासाठी उभा केला मी?" एवढं एकच वाक्य ते भिंतीला ऐकवत होते. निघायच्या सकाळी मात्र ते कॅमेरा गळ्यात अडकवून फाटकापाशी आले. रोलवर शेवटचा, बारावा चौकोन उरला होता. तू दहा पावलांवर ट्रंकेशेजारी उभी राहिलीस. मोटार चालू होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. बाबांनी मान खाली घातली आणि कितीतरी वेळ वर काढलीच नाही. मग खट्ट झालं. तू हलली नाहीस. कॅमेऱ्याच्या खालच्या डोळ्यावर झाकण तसंच होतं आणि तुला ते समोरून दिसत होतं. तू दुसऱ्या खटक्याची वाट पाहत उभी होतीस. बाबांनी दुधी काचेवरचं घडीचं छप्पर मिटलं, तो माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून आत गेले.

पुढचं तुझ्या बाजूने मला ठाऊक आहे. दोन पत्रांतून तू तो फोटो मागितलास. बाबांनी बाकी सगळ्याची उत्तरं दिली, फोटोचं नाव काढलं नाही. नंतर तू सुट्टीला यायचीस आणि कॅमेरा बाहेर निघाला की उठून स्वयंपाकघरात जायचीस. बाबा तो परत पेटीत ठेवायचे. ते गेल्यावर तू दोन दिवस राहिलीस. तुझ्या वहिनीने विचारलं, "वन्सं, कॅमेरा तुम्ही न्याल का?" तेव्हा तू म्हणालीस, "ज्यांनी मला रिकाम्या खटक्यावर काढून लावलं, त्यांचा कॅमेरा मला कशाला, वहिनी?" मी दारातच होतो. मी बोललो नाही. तसं पाहिलं तर न बोलण्याचा मला तोवर वीस वर्षांचा सराव झाला होता.

गेल्या महिन्यात स्टुडिओची जागा रिकामी करून दिली आणि निगेटिव्हची कपाटं घरी आली. बाबांची शिस्त तू जाणतेस: प्रत्येक रोलला एक पाकीट, पाकिटावर बारा ओळी, प्रत्येक ओळीत कोण, कुठे, शटर किती, छिद्र किती. आणि फोटो बिघडला असेल तर का बिघडला आणि कुणामुळे, तेही. या बाबतीत त्यांनी कुणाचीच गय केलेली नाही. "हलला. गिऱ्हाइकाला शिंक." "एकावर एक दोन. चूक ठिपकीची, रोल पुढे सरकवला नाही." आणि सहा वेगवेगळ्या पाकिटांवर, सहा वेगवेगळ्या वर्षी: "झाकण राहिलं. चूक थोरल्याची." वाचताना मला हसू येत होतं. मग तुझ्या निघण्याच्या तारखेचं पाकीट हाती लागलं. आतल्या पट्टीवर अकरा फोटो आणि बारावा चौकोन स्वच्छ, काचेसारखा पारदर्शक. प्रकाश पोहोचलाच नाही की निगेटिव्ह असंच कोरं राहतं. एरवी असे चौकोन बाबा कापून टाकत. हा त्यांनी जपून ठेवला होता. पाकिटावरची शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवतो: "१२. ठिपकी, निघताना. पन्नासांश सेकंद, छिद्र आठ. झाकण राहिलं. चूक माझी."

ठिपके, ती चूक त्यांची नव्हती. त्या सकाळी मान वर न करता त्यांनी मला विचारलं होतं, "झाकण काढलंस?" मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो. झाकण मला दिसत होतं. हात अर्धा वर गेलाही होता. आणि मी म्हणालो, "काढलं." विसरलो असतो तर त्याच संध्याकाळी सांगून मोकळा झालो असतो, सातव्या पाकिटावर सातवी ओळ आली असती, संपलं असतं. पण मला स्टुडिओ हवा होता, आणि तो घे असं ते मला कधी म्हणाले नाहीत. "तू मास्तर हो, तुझं बोलणं चांगलं आहे," म्हणाले. तू तो नको म्हणून निघाली होतीस, तरी त्या दुधी काचेत ते तुलाच इतका वेळ पाहत होते. मला वाटलं, हा एक फोटो त्यांना मिळू नये. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मोटारीच्या आवाजात आमचं बोलणं तुझ्यापर्यंत पोहोचलं नाही. दुसऱ्या दिवशी ओली पट्टी खिडकीसमोर धरून ते बाराव्या चौकोनाकडे बघत राहिले. विचारतील म्हणून मी दाराशी थांबलो होतो. ते म्हणाले, "पाणी बदल." माझं "काढलं" त्यांच्या लक्षात होतं. इतर सहा वेळा ज्यांनी माझं नाव लिहिलं, त्यांनी या वेळी विसरून "माझी" लिहिलं असेल, हे मी कोणत्याही वर्गाला पटवून देऊ शकणार नाही. तुझ्या पत्रांना उत्तर द्यायचं तर त्यांना माझं नाव घ्यावं लागलं असतं. तुझा राग त्यांनी स्वतःवर घेतला, तो आपल्या दोघांत येऊ नये म्हणून. मी तो त्यांना घेऊ दिला, त्यांच्या शेवटापर्यंत.

हे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं, आणि सवयीप्रमाणे प्रस्तावना लांबली. तू रागावशील, तो राग इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता, आता बरोबर पत्त्यावर येऊ दे. खोक्यात कॅमेरा आहे, अर्धं झाकण आहे आणि ते पाकीट आहे. पण मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नकोस. माझ्या "काढलं"वर एकदा विश्वास ठेवला गेला, तेवढं पुरे. स्वतः पडताळून बघ. खालच्या भिंगावर झाकण लाव. लेकीला उजेडात, दहा पावलांवर उभी कर. छप्पर उघड, मान खाली घाल आणि दुधी काचेत पाहा. ती तुला पूर्ण दिसेल, केसाच्या बटेपर्यंत. खाली झाकण आहे याची एवढीशीही खूण काचेवर उमटणार नाही. आणि तिचा भांग कोणत्या बाजूला दिसतो तेही पाहा, कारण मघाचा अपवाद तो हाच: आतल्या त्या एका आरशामुळे डावं-उजवं उलटतं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला ती तशीच दिसते, जशी ती फक्त स्वतःला दिसते. फाटकापाशी बाबांनी इतका वेळ तुला तशी पाहिली. एवढं झालं की झाकण काढ, आणि काढलं की नाही ते स्वतः बोट लावून बघ. फिल्म भरलेली आहे.

अजून तुझाच म्हणवून घ्यायची आशा असलेला,
दादा