शेवंतीसाठी गावरान अंडी

नांदगाव पेठ,
९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबा,

पाया पडतो. तब्येत बरी असन. वांग्याची तोडणी चालू असन. अकोल्याच्या बाजारातला भाव आपल्या शेजारचा शुभम सांगते, तुमचं मात्र काही समजत नाही. फोन तुमी उचलत नाही, म्हणून चिठ्ठी. पोस्टात पाकीट मांगतलं तर तिथल्या बाईनं वरून खालपर्यंत पाह्यलं मले.

मी मजेत हाव. कापडाच्या कारखान्यातच हाव. मधात अमरावतीले एका क्लासचे बोर्ड लावत फिरलो, मंग संत्र्याच्या गाडीवर गेलो, पण थे जाऊ द्या. चिठ्ठीचं कारण येगळं हाय. माह्याजवळ एक कोंबडी हाय.

हसू नका. खोलीतले पोरं दुसरीकडे राहाले गेले. म्हटलं एखाद्या रविवारी सगळ्याइले जेवाले बोलावू, म्हणून कोंबडी आणली, मसाला आणला. कोणी आलंच नाही. एकट्यासाठी काय कापाची? राहिली. आपल्या वावरातल्या शेवंतीवानी पिवळी हाय, म्हणून शेवंतीच म्हणतो. ड्युटीवरून आलो का दारात उभी राहे. दुसरं कोण राहाते दारात?

आता थे उठतच नाही. खाटेखाली माह्या जुन्या शर्टावर बसून हाय. दाणे टाकले तर पाहात नाही. हात नेला का अंग फुगवते, चोच मारते. मले वाटलं, गेली ही. कामावर धागा तुटला तरी दिसेना, सुपरवायझरनं झापलं.

शेवटी घरमालकीण गंगूबाईले बोलावलं. खाटेखाली वाकून म्हणते, "काहून रे, बायकोवानी रुसली काय तुह्यावर?"

"आजारी हाय मावशी. काही खात नाही."

"आजारी कायची, येड्या! खुडूक बसली थे. पिल्लं पायजे तिले."

मले काय मालूम बाबा? अंडी बसवणं सगळं आईच करे. आपण पिल्लं निघाल्यावर पाहाले जाओ.

मंग मी चौकातल्या गाडीवरून अंडी आणली, पांढरीफटक. शेवंतीनं चोचीनं एक एक आत ओढून घेतलं. मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. गंगूबाईनं पाह्यलं आन् भिंतीले टेकून हसली. "अरे फारमची अंडी हायत! कोंबड्याचं तोंड तरी पाह्यलं काय त्या कोंबड्याइनं? काय निघन यातून, आमलेट?"

मी म्हटलं, मंग आता? थे म्हणे, "थंड्या पाण्यात बुडव दोनचारदा. विसरते थे."

बादली भरली. शेवंतीले उचललं तर खालून छाती उघडी, सगळे पर तिनंच उपटून टाकलेले. कातडी तव्यावानी गरम. फडफडली बी नाही. बुडवणं नाही झालं माह्यानं. पुन्हा शर्टावर ठेवली. त्याच अंड्यावर बसून हाय आता. किती दिवस अशी उपाशी राहीन थे, बाबा?

आपल्या घरी लाल तुऱ्याचा कोंबडा हाय अजून, शुभम म्हणे. आईच्या कोंबड्याइले सकाळी तुमीच दाणे टाकता म्हणे. तर थोडी ताजी अंडी पायजेत. कंडक्टरजवळ देऊ नका, हिसक्यानं बिघडतात. आई कोंड्यात ठेवून गाडीत मांडीवर घेऊन बसे.

मीच आलो असतो, पण शेवंतीले उचलून पाणी पाजा लागते, तिले कोणापाशी ठेवू?

खोटं कशाले लिहू. गंगूबाई म्हणे, मी पाहीन तिले. पण मी आलो तर तुमी ओट्यावर बसून असान, मी अंडी घेईन, आन् येणाऱ्या गाडीनं परत निघन. आई गेल्यापासून तसंच तर होऊन राहिलं. दोघं बी चहा पितो, आन् कप मी धुतो.

म्हणून म्हणतो, तुमीच या. अकोल्यावरून अमरावतीची गाडी, तिथून ऑटो. गंगूबाईचं घर कोणी बी सांगन. खाट तुमाले, मी खाली निजन. रात्री अंडी तुमीच तिच्याखाली सरकवा, माह्या हाताले चोच मारते.

पिल्लं निघाले तीन आठवडे लागतात म्हणे. तुमी म्हणता ना, याचा पाय एका जागी ठरत नाही. पाहाले या.

निघाच्या आधी फोन नाही केला तरी चालते. मी घरीच हाव.

तुमचा,
कुंदन