अक्का, ते कुत्रं पिसाळलेलं होतं का?

प्रिय अक्का,

गेले दोन आठवडे मी रोज सकाळी समोरच्या गौरम्माच्या लेकीला, पुट्टीला घेऊन इस्पितळात जात होते. पोटात सुया घ्यायला. हो, त्याच. काल शेवटची झाली. आज सुट्टी आहे, आई देवळात गेली आहे, आणि घरात माझ्याशी वाद घालणारं कोणी नाही. म्हणून तुला लिहितेय. तुला पोचणार नाही हे ठाऊक आहे. माझं डोकं अजून तितकं फिरलेलं नाही.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. एवढ्यात लोकांनी मला काय काय विचारलं! अक्कानं लग्न का केलं नाही, तिच्या साड्या कुणाला देणार, आता आईजवळ कोण. गौरम्मानं जे विचारलं ते मात्र कुणीच विचारलं नव्हतं. ते तुला सांगायचंय. पण त्याआधी मला थोडं भांडू दे.

पायरीखाली हात का घातलास गं?

जयनगरात आपण राहायला आलो तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉटच जास्त. प्रत्येक प्लॉटवर एखादी कुत्री व्यायलेली. त्या सकाळी कुत्री धरणारी माणसं लोखंडी चिमटे घेऊन गल्लीत शिरली आणि तुझं ते तांबूस कुत्रं आपल्या पायरीखाली जाऊन दडलं. रोज तुझ्या हातची भाकरी खाणारं! तू अंगावरचा पदर खोचलास आणि त्याला ओढून मागच्या दारानं पळवायला निघालीस. ते मनगटाला कडकडून चावलं. माणसांनी त्याला तिथंच धरलं, मारलं आणि गाडीत टाकून नेलं. आई रडत होती, मी हळद शोधत होते, आणि तू नळाखाली हात धरून म्हणालीस, "साबण आण, शालू. हळद कसली आणतेस?"

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं कुठं आहे?" तेव्हा आपल्या लक्षात आलं. दहा दिवस नजरेखाली ठेवायला कुत्रं नव्हतं. त्याचं डोकं कापून तपासावं, तर तेही नव्हतं. ते पिसाळलेलं होतं की चिमटे बघून घाबरलेलं, हे सांगणारं आता जगात काहीच उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मग सुया घ्याव्याच लागतील."

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. औषध कशाचं, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. मेंढीला तो रोग द्यायचा आणि मग तिचा मेंदू घोटून औषध करायचं. आपण त्यावर किती भांडलो होतो!

आठवतं ना, कॉलेजात शिकवताना तू बेडूक मारणं थांबवलंस ते वर्ष? वर्गातल्या प्रत्येक मुलीला एकेक बेडूक द्यायचा नियम. तू एकच कापलास, सगळ्यांना भोवती उभं केलंस आणि बाकीचे डब्यातून नेऊन तळ्यात सोडलेस. प्राचार्यांनी बोलावून झाडलं. रात्री जेवताना मीही त्यांचीच बाजू घेतली. "कापल्याशिवाय डॉक्टर कसे होतील गं?"

"मी कापू नका म्हणत नाही. विचारून कापा म्हणते."

"बेडकाला विचारायचं?"

"स्वतःला!"

मी हार मानणारी नव्हतेच. म्हटलं, साप बेडकाला गिळतो तेव्हा तो कुणाला विचारतो? निसर्गातच दया नाही, तर आपण कुठून आणायची? तू ताटातली भाकरी मोडत म्हणालीस, "सापाला दुसरं काही जमत नाही. आपल्याला जमतं. म्हणून प्रश्न आपल्याला आहे." आई वैतागून म्हणाली, "पुरे गं दोघी, आता ताक घ्या." मला आजही वाटतं की तुझं ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कुणाकडे मागू?

मग आमच्या प्रयोगशाळेत ते नवं गणकयंत्र आलं. आम्ही मुली वर्षानुवर्षं हिशेबयंत्राचा दांडा हातानं फिरवून विमानाच्या पंखावरचा दाब काढत होतो. आठवड्याचं काम त्यानं जेवणाच्या सुट्टीआधी करून दाखवलं. घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, अक्का, यंत्र विचार करायला लागलं! तू विचारलंस, "चुकलं तर त्याला वाईट वाटतं का?"

"नाही."

"मग हिशेब करतं म्हण. विचार करतं म्हणू नकोस."

यावरही आपण महिनाभर भांडलो. वाईट वाटल्याशिवाय विचार होतच नाही का? मग माझ्या ऑफिसातल्या निम्म्या साहेबांचं काय? तू किती हसली होतीस!

त्या दिवशी डॉक्टरांपुढे मात्र तू हसली नाहीस. म्हणालीस, "मेंढी तर मेलीच आहे. मी नाही म्हटलं म्हणून ती परत येणार नाही. आणि खरं सांगू का शालू, वादात हरायला माझी हरकत नाही. मला जगायचंय."

अक्का, त्या एका वाक्यासाठी मला तू जितकी आवडलीस तितकी कधीच आवडली नव्हतीस.

आणि तेच झालं नाही.

सुया संपत आल्या होत्या. एका सकाळी तू म्हणालीस की तळव्यांना मुंग्या येताहेत. दुपारी चप्पल पायातून निसटली ते तुला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी सुया ताबडतोब थांबवल्या. मला बाहेर बोलावून म्हणाले, "कुत्र्याचा रोग नाही हा. औषधाचा आहे. मेंढीच्या मेंदूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं, असं आम्हाला वाटतं. फार क्वचित होतं."

"पण हिलाच का?"

त्यांनी मान हलवली. "कुणाला होईल आणि का, हे अजून कुणालाच कळलेलं नाही."

मी ते तुझ्यापासून लपवणार होते. पण तुला आधीच कळलं होतं. तू खाटेवरून स्वतःच्या पायांकडे वर्गात नमुना दाखवावा तशी बघत होतीस. "दिसतात माझेच. पण माझे वाटत नाहीत. गंमत आहे ना?" मला गंमत वाटली नाही गं. मी तोंड फिरवलं.

"तुझं ते यंत्र सांगेल का, एवढ्यांत मीच का?"

"कितीजणांना होतं, ते सांगेल. कुणाला, ते नाही."

"मग ते सरकारीच आहे," तू म्हणालीस. आवाज तोवर घोगरा झाला होता.

त्यानंतर हात गेले. मग गिळता येईना. शेवटी तू एकच विचारलंस, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही. "ते कुत्रं पिसाळलेलं होतं का?"

मी म्हटलं, "माहीत नाही, अक्का."

तू पापण्या मिटून उघडल्यास. दुसऱ्या दिवशी तुझा श्वास थांबला. आई तुझे पाय चोळत बसली होती. पाय गरम आहेत, पाय गरम आहेत, असं कितीतरी वेळ म्हणत होती.

गल्लीनं हे सगळं बघितलं होतं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी पुट्टीला कुत्रं चावलं आणि तळ्याकडे पळून गेलं, तेव्हा गौरम्मानं पोरीला घरात घेऊन कडी लावली. मी दार वाजवलं तर आतूनच म्हणाली, "बेडा शालक्का, नको. ती सुई नको. टीचरम्मा त्या सुईनंच गेल्या."

मी पायरीवर बसून राहिले. शेवटी तिनं दार उघडलं आणि मला तो प्रश्न विचारला. "टीचरम्मा म्हणायच्या ना, मुक्या जिवाला मारून करतात ते औषध? मग त्यांना पाप लागलं का?"

अक्का, ऐकलंस? तुझे ते सगळे वाद, ती मेंढी, तो साप, सगळं या बाईच्या मनात असं जाऊन बसलं होतं!

"पाप नाही, गौरम्मा. का झालं, ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही."

"मग माझ्या पुट्टीला तसं होणार नाही, एवढं सांगा."

किती सोपं होतं 'होणार नाही' म्हणणं! आईनं म्हटलं असतं. डॉक्टरांनीही कदाचित म्हटलं असतं. मी म्हटलं, "तसं मला सांगता येत नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण कुत्रं पिसाळलेलं असेल आणि सुई घेतली नाही, तर मग कुणीच काही करू शकत नाही. टीचरम्मांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी स्वतः हात पुढे केला. मला जगायचंय म्हणाल्या."

गौरम्मा भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडात कोंबून रडली. मग म्हणाली, "तुम्ही बरोबर याल?"

मी गेले. रोज पहिल्या बसनं. पुट्टी सुई बघून किंचाळायची, मला चावायची, माझ्या नावानं बोटं मोडायची. परत येताना मी तिला बसमधून उतरल्यावर पुढे चालायला लावायची आणि मागून तिच्या टाचा बघत यायची. कुठं अडखळली की तिला थांबवून पायांना मुंग्या येतात का विचारायची. आई पहिल्या दिवशी चिडली. "परत ती सुई आपल्या दारात?" एवढंच म्हणाली. पण नंतर रोज मी आले की विचारायची, "पाय?" मी म्हणायची, "ठीक."

पुट्टी धडधाकट आहे. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस लक्ष ठेवा. गौरम्मानं काल माझ्या पायाला हात लावला. मला ते सोसवेना. पुट्टी वाचली यात काय सिद्ध झालं? कदाचित तिलाही साधंच कुत्रं चावलं असेल. आणि ती वाचली म्हणून तुझं जाणं रास्त ठरतं का? ठरत नाही गं. मी कुठल्याही बाजूनं मांडून बघितलं.

तरी एक वचन देते. या गल्लीत कुणीही मला विचारलं, तर मी सांगेन की त्या औषधानं माझी बहीण मेली. आणि त्याच श्वासात सांगेन की घ्या, चला, मी बरोबर येते. यातलं कुठलंही एक गाळून दुसरं सांगणार नाही, समोरची आई कितीही रडली तरी.

तुझी,
उत्तराशिवाय राहायला शिकत असलेली,
शालू