जीप क्रमांक तीनची धाप आणि माझ्या पतीचा उजवा पाय

प्रति,
मा. वाहन व्यवस्थापन अधिकारी,
भूजल पाहणी कार्यालय, मुख्य शाखा.

अर्जदार: जीप क्र. ३ च्या चालकाची पत्नी, निवासस्थान क्र. ४, पठारावरील मापन केंद्र.

विषय: जीप क्र. ३ चे इंजिन चढावर आपोआप चढते व पडते, त्याचे खरे कारण सापडल्याबाबत; आणि माझ्या पतीचा उजवा पाय निर्दोष ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ:
१) वर्कशॉपचे पाच अहवाल (पाचही "दोष आढळला नाही").
२) पाय तपासणी समिती नेमल्याचा आपला आदेश.
३) इंधन टाकीच्या टोपणाबाबतचे आपले परिपत्रक. (याचा संबंध परिच्छेद ६ मध्ये येतो. तोवर कृपया वाचत राहावे.)

महोदय,

१. मी आपल्या कार्यालयाची कर्मचारी नाही. मी बी.एस्सी. आहे, पण विषय वनस्पतिशास्त्र होता, म्हणजे इंजिनाशी माझा काही संबंध नाही हे आधीच कबूल करते. सध्या मी अकरा महिन्यांच्या मुलीची आई आहे आणि तो हुद्दा चोवीस तासांचा आहे. सोमवारी आपली समिती बसणार आणि माझ्या पतीचा पाय दोषी ठरला तर त्यांना गाडीवरून कायमचे काढून मुख्य शाखेत शिक्के मारायला बसवणार, असे कळले. नऊ वर्षे गाडी चालवून ज्यांनी बंपरला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही, ते गृहस्थ बुधवारपासून जेवताना ताटाखाली उजवा पाय लपवून बसतात. हे मला पाहवत नाही, म्हणून हा अर्ज.

२. आजार असा. जीप क्र. ३ डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांतून वर येणारी गाडी आहे. मुख्य शाखेच्या वर्कशॉपपासून पठारापर्यंतचा रस्ता चौदा किलोमीटर, सगळा चढ. पहिले आठ किलोमीटर गाडी शहाण्यासारखी येते. मग अचानक इंजिन "घूंऽऽऽ" करून वर जाते, गळपटते, पुन्हा "घूंऽऽऽ", पुन्हा गळपटते. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीवर काहीतरी खाली विसरल्याचे आठवावे, तशी. वर्कशॉपमध्ये याला हंटिंग म्हणतात. मागे बसलेली सगळी माणसे एकाच तालात मान डोलावतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, यांचे सगळ्यांचे एकमत झाले आहे.

३. गाडी पाच वेळा वर्कशॉपला गेली. डिझेलचा फिल्टर बदलला, रबरी नळ्या बदलल्या, नळ्यांच्या क्लिपा बदलल्या, पंप खोलून धुतला. दर वेळी फोरमनसाहेबांनी गाडी आवारात सुरू केली आणि दर वेळी ती मांजरीसारखी गुरगुरत राहिली. एक झटका नाही. पाचव्या वेळी ते मला म्हणाले, "वहिनी, गाडी ठणठणीत आहे. घरी सांगा, पाय जरा हलका ठेवा." मी म्हटले, "भाऊ, हे घरात चालतात तर खालच्या फरशीलासुद्धा कळत नाही." तरी अहवालात ओळ आलीच: "दोष वाहनात नसून चालकाच्या उजव्या पायात असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

४. त्यानंतर जे झाले ते आपल्याला माहीत आहे, तरी नोंदीसाठी लिहिते. पतीचा पाय डॉक्टरांनी तपासला. दाखला मिळाला: "उजवा पाय निरोगी, डाव्याहून किंचित बरा." मग गाडी बदली चालकांकडे दिली. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि त्यांचा वेग पाहून वाटेतली गुरे बाजूला व्हायची तसदी घेत नाहीत. काकांच्या हाताखालीही गाडी नवव्या किलोमीटरला घूंऽऽऽ. झाले, काकांचा पाय तपासणीला! काका म्हणाले, "पोरी, साठीला आलो, पाय कुणी विचारला नव्हता. आता कागद मिळाला." मग गेल्या गुरुवारी आपण स्वतः पठारावर आलात. मी खिडकीत होते. शेवटच्या वळणावर गाडीने आपल्याला नऊ वेळा वाकायला लावले आणि आपण उतरताना म्हणालात, "अरे, हा पाय आहे की पाळणा?" महोदय, परत जाताना थोडे अंतर आपण स्वतः गाडी चालवलीत, असे काकांनी सांगितले. तेव्हाही ती डोललीच. आपल्या पायाच्या तपासणीचा आदेश मात्र अजून कुणाच्या पाहण्यात नाही. मी ते कुणाला बोललेले नाही. फक्त इथे लिहिते आहे.

५. आता पुरावा. मुलगी झाल्यापासून मी एक वही ठेवते. दूध किती घेतले, किती वेळ झोपली, किती वेळा उचकी लागली. सासूबाई म्हणतात, "पोर वाढवतेस की हवामान खातं चालवतेस?" पण काळजी वाटली की मी लिहिते, लिहिले की काळजी जरा कमी होते. जीपच्या आवाजाने छकुली दुपारच्या झोपेतून दचकायला लागली, तेव्हा मी वहीत जीपचा रकाना आखला. गाडी कधी निघाली, झटके कुठल्या किलोमीटरला लागले, टाकीत डिझेल किती होते, हे पतींना आणि नंतर काकांना विचारून भरत गेले. सहा आठवड्यांच्या नोंदींतून तीन गोष्टी दिसल्या:

अ) टाकी काठोकाठ असेल तर झटके नवव्या किलोमीटरला, अर्धी असेल तर बाराव्याला. भरल्या पोटी गाडीला लवकर धाप लागते, हे मला उलटे वाटले. कुणालाच याचा अर्थ लागेना.

आ) पाय कुणाचाही असो, किलोमीटर तेच.

इ) फक्त एका दिवशी, २६ सप्टेंबरला, गाडी वर-खाली दोन फेऱ्या करून आली आणि एक झटका नाही. त्या दिवशी काय वेगळे होते? पती म्हणाले, "काही नाही गं. ओढ्यातल्या खड्ड्यात आपटली, टाकीच्या टोपणावरची सीलची लाख तडकली. मी घाबरून लगेच कळवलं." दुसऱ्या दिवशी लाख दुप्पट जाड लावून मिळाली. आणि झटकेही दुप्पट.

हे मी लिहून ठेवले, पण माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही.

६. उजेड छकुलीने पाडला. परवा तिची लस होती. जीप वर्कशॉपला जाणार होती, म्हणून नियमानुसार आम्हाला मागे बसायची परवानगी मिळाली. लस टोचल्यावर तिने जे भोकाड पसरले ते वर्कशॉपच्या फाटकापर्यंत. फाटकावर नेहमीची पद्धत झाली: गाडी आत घेण्याआधी लाखवाले भाऊ आले, त्यांनी टाकीच्या टोपणावरचे सील तोडले, टोपण फिरवले, टाकीत काठी बुडवून डिझेल मोजले आणि रजिस्टरमध्ये लिहिले. टोपण फिरताच आतून आवाज आला: "सुस्स्स्." आणि छकुली रडता रडता थांबून खुदकन हसली!

महोदय, ती का हसली हे जगात फक्त मला कळू शकत होते. तिच्या दुधाच्या बाटलीच्या रबरी बुचाला हवेसाठी बारीकसे भोक आहे. दुधाची साय त्यात बसली की छकुली ओढते, ओढते, बूच आत खेचले जाते आणि दूध येईनासे होते. मग ती सोडते, चिडते, पुन्हा ओढते. मी बाटलीची कडी सैल केली की हवा आत शिरते, "सुस्स्स्" वाजते, आणि ती हसते, कारण आता दूध येणार. ओढ, थांब, चिड, ओढ. घूंऽऽऽ, गळप, घूंऽऽऽ. मी तिथेच ओरडले, "अहो, गाडीला साय बसलीय!" फोरमनसाहेब गाडी घेऊन आलेल्या काकांना हळूच म्हणाले, "वहिनींची झोप होत नाही वाटतं."

पण टोपण हातात घेऊन पाहिले. आतल्या बाजूला टाचणीएवढे भोक आहे. डिझेल जितके खर्च होते तितकी हवा त्यातून टाकीत यावी म्हणून ठेवलेले. त्या भोकाचे बाहेरचे तोंड नेमके टोपणाच्या मध्यावर. आणि नेमके मध्यावर, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून, कार्यालयाच्या शिक्क्यासह लाख. परिपत्रक १ सप्टेंबरपासून लागू. वहीत पहिला झटका २ सप्टेंबर, सकाळी पावणेदहा. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून तिथे ओढ लवकर बसते. आणि वर्कशॉपमध्ये दोष का सापडत नाही? कारण तपासणीची पहिली पायरी म्हणून भाऊ सील तोडतात, गाडी श्वास घेते, आणि मग सगळे तिला विचारतात, "काय होतंय?" ती म्हणते, "काही नाही." ती खोटे बोलत नाही. त्या क्षणी तिला खरेच काही होत नसते. मग तिला बरी ठरवून, निघताना, पुन्हा नाक दाबून पाठवतात.

हसू नये म्हणून मी फार प्रयत्न केला. परतीच्या वाटेवर, झटके सुरू झाल्यावर, माझा बांध फुटला. मी हसते म्हणून छकुली हसली, छकुली हसते म्हणून काका हसले, आणि गाडी आम्हा सगळ्यांना डोलवत पठारावर घेऊन आली. पती मात्र घरी ऐकून हसले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "म्हणजे माझा पाय बरा आहे?"

७. परिपत्रक चुकीचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चोरी थांबलीच, हवासुद्धा आत आली नाही. फक्त इतकी विनंती आहे:

पहिली, सील टोपणाच्या मध्यावर न लावता कडेला लावावे. शिक्का तोच, लाख तीच, जागा दोन बोटे सरकवावी.

दुसरी, सोमवारी समिती बसण्याआधी टाकी काठोकाठ भरून, सील कडेला लावून, माझ्या पतींना गाडी पठारावर आणायला सांगावे. आपण शेजारी बसावे. नवव्या किलोमीटरला आपली मान डोलली तर पाय दोषी, मी एक शब्द बोलणार नाही.

तिसरी, मान डोलली नाही तर काकांना त्यांचा दाखला परत मागू नये. त्यांनी तो भिंतीवर लावला आहे.

८. काल जीप पुन्हा वर्कशॉपला बोलावली, परवाची फेरी धरून आता सातव्यांदा. त्यामुळे हा अर्ज घेऊन माझे पती आज दुपारी एक वाजता पायी निघत आहेत. चौदा किलोमीटर. ते चार वाजेपर्यंत पोचतील. आल्यावर कृपया वेळ नोंदवावी आणि पाय पाहून घ्यावा. समितीला आयता पुरावा मिळेल.

आपली नम्र, आणि झोप पुरेशी होत असलेली,

(सही)
छकुलीची आई
शुक्रवार, दि. १७ ऑक्टोबर

सोबत जोडले आहे:
१) वहीच्या एकवीस पानांच्या प्रती (पान ७ वरचा डाग दुधाचा आहे).
२) निरोगी पायांचे दाखले, दोन. (तिसऱ्याची सक्ती नाही.)
३) दुधाची बाटली, एक, बुचाच्या भोकात लाख भरून. आपण स्वतः ओढून पाहावी. उकळून घेतली आहे.
४) पती, एक. काम झाल्यावर परत पाठवावेत; शक्य असल्यास गाडी चालवत.