टाकीवरच्या दोन बहिणी

नारायणगुडा, हैदराबाद

चि. मृण्मयीस नीलिमामावशीचे आशीर्वाद.

सोमवार, १२ जानेवारी २०२६, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी फोनवर तुझा अहवाल वाचला. तेव्हापासून चहा कडू लागतोय. तुझा खोकला थांबला असेलच. (माझ्या रक्तदाबाची चौकशी तुझ्या आईने केली, तू नाही.)

अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर मॉसचे (लोक शेवाळच म्हणतात) ते दोन हिरवे गुच्छ. एकतीस वर्षं शाळेतल्या मुलींच्या हातात भिंग देऊन मी सांगत आले, या सख्ख्या बहिणी. सारखीच पानं, सारखंच मखमली अंग. तू दिवाळीला आलीस, माझ्या हळदीकुंकवाच्या चांदीच्या चमच्याने (न विचारता!) दोघींना आणि तुळशीच्या कुंडीलाही खरवडलंस, आणि आता प्रयोगशाळेतून कळवतेस की त्यांची जनुकं जुळत नाहीत, एका ओल्या भिंतीवर राहून एकसारख्या दिसायला लागल्या, इतकंच. वर एकीची खरी नातलग कोण, तर तुळशीच्या कुंडीतली ती किडकिडीत कार्टी, जिला मी आजवर कचरा म्हणून उपटत आले! दिसण्यावर जाऊ नये, असं नीतिपाठाच्या तासाला मीच शिकवलं. पण ते मॉसलाही लागू आहे, हे आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर ॲग्नेसनी मला कुठे सांगितलं होतं?

माझं जाऊ दे. प्रश्न शेजारच्या कुसुमताईंचा आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाई, भिंगाला कधी हात लावला नाही, पण दर संक्रांतीला वाण घेताना टाकीकडे बघून म्हणणार, "अहो नीलिमाबाई, या बहिणी नव्हेत हो. एकीचा स्वभावच निराळा." शेवाळाला स्वभाव! मी हसून त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते. यंदा त्या रथसप्तमीला येणार आहेत. तेव्हा रविवार, २५ जानेवारीच्या आत अहवाल चुकल्याचं लेखी उत्तर मला मिळालंच पाहिजे.

तुझी
नीलिमामावशी

ता.क. अहवाल चुकला नसेल, तर निदान कुसुमताईंना कळवू नकोस.

ता.क. २. अहवाल वाचला त्याच दिवशी पाच वाजता मी बेगम बाजारची ब्लीचिंग पावडर घेऊन दोन्ही बहिणी घासून काढल्या. कामवाली यादम्मा मागून "नक्को अम्मा, नक्को" करत होती. टाकी आता टकली दिसते, आणि मला सकाळी तिच्याकडे बघवत नाही. तुझ्याकडे दोघींचं चिमूटभर उरलं असेल तर पाठव. वाळलेलं चालेल, पाणी शिंपडलं की जीव धरतं (हे तुला मीच शिकवलंय). पुड्या वेगवेगळ्या बांध. नावं घालू नकोस. कोणती कोण, ते कुसुमताई सांगतील.