लेकी नसलेली वही

तीर्थपुरी
मार्च २००३

प्रिय नंदा,

तुझं पत्र सातासमुद्रापलीकडून पोचलं. तुझ्या शेजारच्या मार्थाबाईंचं वाचून हसूच आलं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज बैलगाड्या घेऊन त्या माळरानावर वसले, तर बाई पंच्याहत्तरीत थडग्यांवरची अक्षरं वाचत हिंडतात! आणि त्यांचा तो भिंतीएवढा वंशवृक्ष बघून तुलाही आपला काढायची हौस आली. आपल्याकडे थडगी नाहीत गं, पण घराण्याच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारा भाट आहे.

यंदा सुगी झाल्यावर तो आला. लाल कापडात बांधलेली वही तीच, वाचणारा मात्र जुन्या भाटाचा मुलगा. ओसरीवर बसून त्याने आपल्या आठ पिढ्या खणखणीत वाचल्या. पहिला कचरू. पैठणकडून दुष्काळात बायको आणि दोन बैल घेऊन निघाला, एक बैल इथे मेला, म्हणून इथेच राहिला. म्हणजे आपण इथले झालो ते एका बैलापायी. हे ऐकताना तुझे बाबा दरवेळी मिशीत हसायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी ते वाक्य आलं की मी त्यांच्या खुर्चीकडे बघते. आठही पिढ्यांची नावं सोबत उतरवून पाठवली आहेत.

तुला आठवतं का, तू आठ वर्षांची होतीस. जुन्या भाटाने “मच्छिंद्र, त्याची बायको कौसल्या, आष्टीची” एवढं वाचून वही मिटली आणि तू भोकाड पसरलंस, “माझं नाव कामून न्हाई?” तो म्हणाला, “वहीत लेकी लिहीत न्हाईत, पोरी.” तू दिवसभर जेवली नाहीस. मी तुझी समजूत घालत होते, पण मनातून मला हायसं वाटलं होतं.

या वेळी मीच भाटाला सांगितलं, लेक लिहायची आहे. तो म्हणाला, “तसा रिवाज न्हाई, मावशी.” मी म्हटलं, “मंग तुमच्या मानाचं ज्वारीचं पोतं बी हितंच राहू द्या.” तीस वर्षं शाळेत पोरं सांभाळलेल्या बाईपुढे त्याचं काय चालणार! त्याने पेन काढलं. मी आधी नाव सांगितलं ते गिरिजाचं.

तुझी गिरिजाआत्या तापाने गेली, एवढंच तुला ठाऊक आहे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, बाळाला न्यायला कोणी आलं नाही. मला मूल नव्हतं. तुझ्या बाबांनी ते बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं वचन घेतलं. नंदा, ते बाळ तू.

वहीत लेकी नसतात, म्हणून हे कधीच उघड झालं नसतं. तू तुझ्या वंशवृक्षात आई म्हणून माझं नाव लिहिलं असतंस आणि मला ते फार आवडलं असतं, खोटं कशाला बोलू? पण मग गिरिजा कुठेच उरली नसती. आता वहीत तुझ्या बाबांशेजारी त्यांची बहीण म्हणून ती आहे आणि तिच्याखाली तू. भाटाने विचारलं, “मंग मावशी, तुमच्यापासून रेघ कुठं न्यायची?” मी त्याला वही मिटायला लावली. तुझ्या कागदावर ते तू ठरव. आजवर प्रत्येक पत्राखाली ‘आई’ लिहिलं. आज हात धजत नाही.

तुझीच,
कौसल्या