अरुंधती दिसली, असं मी म्हणाले

नाना, यंदा पाऊस लांबला आहे, त्यामुळे आकाश अजून उघडं आहे. तुम्ही असतात तर खूश झाला असतात.

तांबट आळीत दिवसभर हंडे ठोकून तुमचे कान गेले होते, डोळे मात्र घारीचे. उन्हाळा संपत आला की जेवण झाल्या झाल्या तुम्ही मला गच्चीवर न्यायचात. एकदा ढग आले की चार महिने दुकान बंद, म्हणायचात. डोक्यावर नारिंगी स्वाती, खाली पांढरी चित्रा, पूर्वेकडून वर येणारा विंचू. एवढं मला जमायचं. मग तुम्ही सप्तर्षींच्या शेपटाकडे बोट करून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारायचात, "वसिष्ठाला चिकटून अरुंधती आहे. दिसली?" मला वसिष्ठच कापसाच्या बोळ्यासारखा दिसायचा. एकदा कंटाळून मी "दिसली" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्या परातीला भोकं पाडून सप्तर्षी काढलेत आणि ती मला बक्षीस दिलीत. आई म्हणाली, "आता हिच्यात कणीक मळू की ताक गाळू?"

माझं लग्न छत्तीस सालच्या वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. सप्तपदी झाली. भटजींना घाई होती. त्यांनी मांडवाकडे वर बोट केलं. "ती अरुंधती. नमस्कार करा."

"भटजी, ती गॅसबत्ती आहे," तुम्ही म्हणालात.

"यजमान, भावना महत्त्वाची."

ते तुम्हाला ऐकूच गेलं नाही. नवरानवरी, भटजी आणि उपाशी वऱ्हाड घेऊन तुम्ही थेट नदीवर, गंगेच्या वाळवंटात निघालात. सासरे वाटभर भात निवल्याचं सांगत होते. वाळूत उभं करून तुम्ही विचारलंत, "जावईबापू, दिसली?"

ह्यांनी बराच वेळ वर पाहिलं. "नाही."

मामा कुजबुजला, "मुलगा अधू आहे की काय?" ते सासूबाईंनी ऐकलं. "आमच्या मुलात खोट काढायला इथवर आणलंत?" म्हणाल्या आणि माघारी वळल्या. त्यांच्या मागोमाग चार बायका निघाल्या.

"काय म्हणाला तो?" तुम्ही विचारलंत. मामानं तुमच्या कानात ओरडून सांगितलं.

"विहीणबाई, थांबा," तुम्ही म्हणालात. "इतक्या लग्नांना गेलो, नाही म्हणणारा नवरा आज पहिल्यांदा भेटला. हा मला फार आवडला." मग माझ्याकडे वळलात. "तू सांग, दिसली?"

"दिसली," मी म्हणाले आणि बोटही दाखवलं. सासूबाई परत आल्या, वऱ्हाड जेवायला गेलं.

दिवाळीत ह्यांना चष्मा लागला. एका पहाटे अंगणात उभं राहून ते म्हणाले, "तू दाखवलीस तिथे ती नाहीच." मी रडायला लागले, तर ते खोकला लागेपर्यंत हसले. "चल, तुलाही चष्मा करू."

"नको. नानांना कळेल."

त्यांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही मात्र गिऱ्हाइकांनाही ऐकवायचात, "लेकीनं डोळे माझे घेतलेत." त्या डोळ्यांनी मी अकरा वर्षं तांदळातले खडे सगळ्यांना खायला घातले, आणि गंगापूर रोडवर एकदा कडब्याच्या पेंढीला आत्याबाई समजून वाकून नमस्कार केला. आत्याबाई मागून येत होत्या.

तुमचे दिवस झाले आणि त्याच महिन्यात मी चष्मा घेतला. हे तुम्हाला कळवायची सोय नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते आहे. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी गच्चीवर एकटीच गेले आणि ती पाहिली. नाना, फारच बारीक आहे हो ती. मला वाटलं होतं, इतकी वर्षं खोटं बोलले, तर निदान त्या मानानं तरी मोठी असेल.